परदेशी झुरळं माहूरला पाळावीत का?

प्रश्न : आमचं घर माहूरगडाच्या पायथ्याला आहे. आई पंचवीस गावरान कोंबड्या सांभाळते. खाद्य महाग झालंय म्हणून मोबाइलवर शोधत होतो, तेव्हा ‘डुबिया’ नावाच्या परदेशी झुरळांचे व्हिडिओ दिसले. त्यांना वास येत नाही, ती घरभर पसरत नाहीत, कोंबड्यांना भरपूर प्रथिनं मिळतात, असं त्यात सांगतात. माझ्या मित्राने शहरातून चाळीस झुरळांचा एक डबा आणलाय आणि त्यातली अर्धी मला द्यायला तयार आहे. आई म्हणते, घरातली मारायला आपण खडू आणायचा आणि तू बाहेरची विकत आणतोस. ही झुरळं खरंच पाळतात का? आपल्या हवेत जगतील का? कायद्याने चालतं का? कोंबड्यांना घालावीत का? आणि झुरळाच्या दुधाचं जे ऐकतो ते खरं आहे का? — एक वाचक, माहूर

उत्तर : पाळतात, हे अगदी खरं आहे. युरोप-अमेरिकेत सरडे, पाली, मोठे कोळी घरी ठेवणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्या प्राण्यांना जिवंत भक्ष्य लागतं. पूर्वी ते त्यासाठी रातकिडे वाढवत. रातकिडे रात्रभर किरकिरतात, त्यांच्या डब्याला घाण वास येतो आणि ते भराभर मरतात. दक्षिण अमेरिकेतल्या डुबिया झुरळाला आवाज नाही, वास फारसा नाही, आणि गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर त्याला चढता येत नाही. नराला पूर्ण पंख असतात, मादीला नुसते खुंट. तेव्हा व्हिडिओत सांगितलेलं खोटं नाही, पण त्यात बरंच काही सांगायचं राहिलं आहे.

केवळ हौस म्हणून पाळली जाणारी झुरळंही आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध ते मादागास्कर बेटावरचं फुत्कारणारं झुरळ. बिनपंखी, दोन-तीन इंच लांब, तपकिरी, दोन ते पाच वर्षं जगणारं. ते उचललं की सापासारखा फुत्कार टाकतं. हा आवाज तोंडातून येत नाही. पोटाच्या बाजूंना असलेल्या श्वासरंध्रांतून हवा जोराने बाहेर ढकलून ते तो काढतं. नराच्या पाठीच्या पुढच्या ढालीवर दोन उंचवटे असतात. दोन नर समोरासमोर आले की मेंढ्यांसारखी टक्कर घेतात, आणि जिंकलेला जास्त फुत्कारतो.

तुमच्या आईंचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. झुरळांच्या जगात सुमारे 4,600 जाती आहेत आणि त्यांतल्या जेमतेम तीसेक माणसाच्या घराच्या आसऱ्याला आल्या आहेत. बाकीच्या जंगलात, पाचोळ्यात, कुजक्या लाकडात, गुहांत राहतात, कुजकं खातात आणि त्याची माती करतात. पण आपली ओळख त्या तीसेकांशीच आहे, आणि त्यांच्याबद्दल आईंचा अनुभव पक्का आहे.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचो तेव्हा बरणीतली झुरळं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. वसतिगृहाची मुलं रात्री बॅटरी घेऊन गटाराच्या झाकणाशी बसायची आणि सकाळी प्रात्यक्षिकासाठी बरणी भरून आणायची. बरणीच्या तोंडाला आतून व्हॅसलीन चोळलं की ती बाहेर येत नसत. ज्याला आपण अमेरिकन झुरळ म्हणतो ते मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांतून अमेरिकेत पोचलेलं, आणि तिथून नाव घेऊन जगभर फिरलेलं. मादी एका वेळी चौदा-सोळा अंड्यांची गडद तपकिरी डबी घालते. घेवड्याच्या बी एवढी ती डबी एक-दोन दिवस तिच्या शेपटाकडच्या टोकाला अडकलेली दिसते. मग ती एखादी फट बघून ती तिथे चिकटवून देते. आयुष्यात अशा नऊ-दहा डब्या. बाहेर आलेलं पिल्लू सुमारे तेरा वेळा कात टाकतं तेव्हा पंख फुटतात.

ती कात टाकताना मी एकदा सलग पाहिली आहे, आणि अजून विसरलेलो नाही. पाठ मधोमध उकलली आणि जुन्या तपकिरी कवचातून दुधासारखं पांढरंशुभ्र झुरळ हळूहळू वर आलं. फक्त डोळे काळे. मिशा एकेक करून म्यानातून तलवार ओढावी तशा सोडवून घेतल्या. तासाभरात ते पिवळसर झालं, संध्याकाळपर्यंत नेहमीच्या रंगाचं. विद्यार्थी त्याला ‘पांढरं झुरळ’, वेगळी जात समजत, आणि मला दर वर्षी तेच समजावून सांगावं लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे विच्छेदन बंद करायला लावलं ते योग्यच झालं. पण प्राणी जिवंत पाहण्याची संधीही त्याबरोबर गेली याचं मला वाईट वाटतं.

आता डुबियाचं गणित पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

डुबियाची मादी अंड्यांची डबी बाहेर टाकत नाही, ती पोटातच ठेवते. साधारण दोन महिन्यांनी वीस ते चाळीस जिवंत पिल्लं बाहेर येतात. पिल्लू वयात यायला चार ते सहा महिने लागतात. पैदास व्हायची तर 28 ते 35 अंशांची ऊब लागते. वीसच्या खाली ती जवळजवळ थांबते. मोठ्या झुरळाचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास. आता तुमच्या पंचवीस कोंबड्यांना रोज फक्त दहा-दहा ग्रॅम घालायचं म्हटलं, म्हणजे कोंबडीच्या दिवसाच्या खाण्याचा जेमतेम दहावा भाग, तरी प्रत्येकीला पाच झुरळं लागतील. दिवसाला सव्वाशे, महिन्याला पावणेचार हजार. एका मादीची सरासरी महिन्याला पंधरा पिल्लं धरली तर अडीचशे माद्या सतत विणाऱ्या हव्यात, आणि पाच महिने वाढणारी अठरा-एकोणीस हजार पिल्लं कायम डब्यांत असली पाहिजेत. त्यांना गाजर, भोपळा, कोंडा, पाणी रोज. खालची विष्ठा वेळच्या वेळी झाडून काढायची. एवढं करून निघणार काय, तर खाद्याचा दहावा हिस्सा. पाल पाळणाऱ्याला आठवड्याला वीस-तीस झुरळं लागतात, त्याला हे परवडतं. कोंबड्या पाळणाऱ्याला नाही. तुमच्या मित्राच्या डब्यातल्या चाळीस झुरळांवर तुमच्या कोंबड्यांचा एक दिवसही भागणार नाही.

शिवाय ज्या खोलीत हजारो झुरळं ठेवता तिथे त्यांच्या कातीचा आणि विष्ठेचा बारीक भुगा हवेत उडत राहतो. झुरळामुळे होणारी ॲलर्जी आणि दमा हा वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेला आजार आहे. पाळणाऱ्यांनाही काही वर्षांनी शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर गांधी सुरू होतात. दोन खोल्यांच्या घरात लहान मूल किंवा दम्याचं म्हातारं माणूस असेल तर हा विषय तिथेच थांबवावा.

आपल्या हवेत जगतील का? हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारलात याचा मला आनंद झाला. लंडनमध्ये डब्यातून सुटलेलं डुबिया हिवाळ्यात मरतं. माहूरला मार्चपासून दिवाळीपर्यंत त्याला हवी तशी ऊब फुकट मिळते, पावसाळ्यात ओलही मिळते. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला डबा त्याला मारील, पण गडाच्या उतारावरचा सागाचा पाचोळा, दगडाखालची गार फट त्याला वाचवील. व्हिडिओत ‘पसरत नाहीत’ म्हणतात ते थंड देशांच्या अनुभवावरून. उष्ण हवेच्या फ्लोरिडात म्हणूनच डुबिया ठेवायला मोकळीक नाही.

सुटतात कशी, याची उदाहरणं हवीत तर आहेत. चीनमध्ये औषधासाठी आणि उष्ट्या अन्नाची विल्हेवाट लावण्यासाठी झुरळांचे मोठमोठे कारखाने आहेत. जिनान शहराजवळच्या एका कारखान्यात एक अब्ज झुरळं दिवसाला 50 टन उष्टं खात असल्याचं 2018 मध्ये जगभर छापून आलं. त्याआधी 2013 मध्ये ज्यांगसू प्रांतातल्या दाफंग इथे झुरळ-शेतीचं हरितगृह फुटलं आणि किमान दहा लाख झुरळं आसपासच्या शेतांत गेली. दुसरं उदाहरण तुर्कस्तानी झुरळाचं. ते 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी डेपोत पहिल्यांदा दिसलं. पुढे सरड्यांचं खाद्य म्हणून ते विकलं जाऊ लागलं, पार्सलने घरोघर गेलं, आणि आज अमेरिकेच्या नैऋत्य भागात त्याने आधीपासून राहणाऱ्या झुरळांना अंगणांतून हुसकावून लावलं आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. 2022 च्या खरिपात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रात्रीत फस्त केली, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. या गोगलगायींत सगळ्यांत बदनाम असलेली मोठी आफ्रिकन गोगलगाय भारतात आपल्या पायांनी आली नाही. विल्यम बेन्सन नावाच्या हौशी शंख-अभ्यासकाने ती 1847 मध्ये मॉरिशसहून आणली आणि कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. हौस एका माणसाची, आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही शेतकरी रात्री टॉर्च घेऊन बांधावर मिठाच्या पाण्याची बादली धरून बसतो. डुबिया गोगलगायीसारखंच पीक खाईल असं मी म्हणत नाही. जंगलातल्या पाचोळ्यात ते गेलं तर काय होईल हे आधी कळणार नाही आणि नंतर परत बोलावता येणार नाही, एवढंच म्हणतो. माहूर-किनवटचं जंगल आणि पलीकडचं पैनगंगा अभयारण्य ही मराठवाड्याकडे उरलेली मोजकी वनं आहेत. त्यांच्याशी असा जुगार नको.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. परदेशातून जिवंत कीटक आणायचा तर 1914 च्या कायद्याखालच्या 2003 च्या प्लँट क्वारंटाइन आदेशानुसार केंद्र सरकारचा आयात परवाना लागतो. तो घेतल्याची कागदं विक्रेत्याकडे मागा. पार्सलने डबे पाठवणारा बहुतेक गप्प बसेल, त्यावरून काय ते समजा. आणि झुरळं ज्यांच्यासाठी पाळतात त्या प्राण्यांचा मोह इथे धरू नका. घोरपड, चांदणी कासव, एवढंच काय आपला साधा हिरवा पोपटही घरी ठेवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

“मग विकतची नकोत, घरातली फुकटची झुरळं कोंबड्यांना घालू का?” असा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नका घालू. एकतर त्यांच्यावर खडू, जेल, फवारा यांतलं काहीतरी झालेलं असतं. दुसरं म्हणजे, कोंबडीच्या खुराड्याशेजारी ओल्या मातीत, शेणाखाली एक चकचकीत काळसर झुरळ राहतं. त्याला सुरिनामी म्हणतात, पण ते मूळ आपल्याच आशिया खंडातलं. त्याच्या अंगात कोंबडीच्या डोळ्यातल्या जंताची अळी वाढते. कोंबडीने ते गिळलं की अळी घशातून वर सरकत डोळ्यात जाते. डोळा सुजतो, पाणी गळतं, कोंबडी पायाने डोळा खाजवत राहते. तुमच्या खुराड्यात अशी एखादी दिसली असेल तर पापणी हळूच बाजूला करून पाहा, आतल्या कोपऱ्यात पांढरा दोऱ्यासारखा जंत वळवळताना दिसतो. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि खुराड्याखालची ओल आणि शेण हटवा.

आता जे करता येईल ते सांगतो, आणि ते सांगताना मला खरा उत्साह आहे. झुरळांच्या कुळातला एक कीटक तुमच्या दारातच आहे : वाळवी. वाळवीला वेगळा गट मानायची पद्धत फार जुनी होती. जनुकांच्या अभ्यासाने 2007 मध्ये शिक्कामोर्तब झालं की वाळवी म्हणजे लाकूड खायला शिकलेली आणि कुटुंब करून राहणारी झुरळंच. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहतो ते बांधणारी हीच. कोंबडीच्या पिल्लांना वाळवीपेक्षा आवडतं खाणं मी पाहिलेलं नाही.

ती पकडायची रीत अनेक आदिवासी भागांत पूर्वापार आहे. फुटकं मडकं किंवा जुना माठ घ्या. त्यात ओलसर शेण, कडब्याचे तुकडे, पाचोळा, गोणपाटाची चिंधी सैल भरा. बांधावर किंवा परड्यात जिथे वाळवीची मातकट वाट दिसते, तिथे जमीन थोडी खरवडून मडकं उपडं घाला, वर पालापाचोळा टाका आणि कडेला पाणी शिंपडा. जागा चांगली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उकरून पाहा, आतलं सगळं पांढुरक्या वाळवीने भरलेलं असतं. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत मडकं उचला आणि पिल्लांसमोर झटका. मडकं पुन्हा भरून ठेवा. तीन-चार मडकी आलटून पालटून ठेवली तर पिल्लांची प्रथिनांची गरज बरीचशी भागते. घरापासून आणि लाकडी सामानापासून मात्र मडकं लांब ठेवा.

मोठ्या कोंबड्यांसाठी जास्त माल हवा असेल तर ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या पाहा. आपल्याकडेही सापडणारी ही काळी माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही, आणि तिची अळी स्वयंपाकघरातलं उष्टं खाऊन दोन आठवड्यांत पोसते. वाळलेल्या अळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. अळ्या पोसल्या की कोरडी जागा शोधत आपणच डब्याबाहेर चढतात, म्हणून डब्याला तिरकी पाटी लावली की त्या थेट कोंबड्यांपुढे पडतात. डुबिया सहा महिन्यांत जे देतं ते ही पंधरा दिवसांत देते. मराठवाड्यातले शेतकरी रेशीमकिडे वाढवतात, तापमान सांभाळतात, पाला वेळेवर देतात. कीटक सांभाळायची अक्कल आपल्याकडे आहेच, ती योग्य कीटकाकडे वळवायची आहे.

झुरळाच्या दुधाची गोष्ट खरी आहे, पण ते दूध बाजारात येणार नाही. पॅसिफिक बेटांवरचं एक झुरळ पिल्लं पोटात वाढवतं आणि त्यांना एक प्रथिनयुक्त द्रव पाजतं. पिल्लांच्या पोटात त्याचे स्फटिक होतात. बंगळुरूच्या ‘इनस्टेम’ संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या गटाने या स्फटिकांची रचना उलगडून 2016 मध्ये प्रसिद्ध केली. तेवढ्याच वजनाच्या म्हशीच्या दुधाच्या तिपटीहून जास्त ऊर्जा त्यात निघाली. काम विलक्षण सुंदर आहे. मात्र ते स्फटिक एकेका पिल्लाच्या पोटातून काढावे लागतात.

आणखी एक गोष्ट, कारण तुमच्या पत्रात कुतूहल दिसलं. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातलं छोटं ‘जर्मन’ झुरळ जर्मनीचं नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एका रानझुरळापासून ते निघालं आणि माणसाच्या वस्तीला लागलं. आणि जगभरचे हौशी लोक ज्या झुरळासाठी पैसे मोजतात ते सात ठिपक्यांचं काळं-पांढरं झुरळ दक्षिण भारतातल्या झुडपी रानांतलं आहे. संध्याकाळी ते भुंगेऱ्यासारखं दिसतं. अंगावर आम्ल फवारणाऱ्या एका ठिपकेदार भुंगेऱ्याची नक्कल करून ते शत्रूंना चकवतं, असं मानलं जातं. तुम्हाला झुरळ बघायचंच असेल तर पावसाळ्यात गडावर जाताना वाटेकडेला एखादा ओला दगड उचलून पाहा. जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि दगड होता तसा परत ठेवा.

राहिला मित्राचा डबा. तो रागाने किंवा दयेने जंगलात, नाल्यात, पैनगंगेच्या काठी रिकामा करू नका, गटारातही नाही, शाळेच्या बागेतही नाही. तुम्हीही त्यातली अर्धी घेऊ नका. झाकण घट्ट लावून सगळा डबा, आतल्या पुठ्ठ्यांसकट, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सलग 48 तास ठेवायला सांगा. बाहेर काढल्यावर तासभर थांबून एकही मिशी हलत नाही ना हे पाहा. मग झुरळं आईंच्या कोंबड्यांना घाला आणि पुठ्ठे जाळून टाका. हे या आठवड्यातच करा, कारण चाळिसातल्या काही माद्या आत्ता गाभण असणारच.